एफ ते जी: उभं राहिलं की पळत सुटणाऱ्या हृदयाचा दीडशे वर्षांचा प्रवास

ज्यांना लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर. बोलताना येणारे "अं", "म्हणजे बघा" वगैरे बरेच कापलेत, सगळे नाही. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट दोन कोडची आहे. माझ्या लॅपटॉपमधले कोड नव्हेत, आजारांचे कोड. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक मोठी यादी असते, आयसीडी नावाची. त्यात प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. त्यात 'एफ' हे अक्षर मानसिक आजारांसाठी आहे आणि 'जी' हे मज्जासंस्थेच्या आजारांसाठी. एफ ४५.३ उघडून बघा, तिथे एक जुनं नाव सापडेल: दा कोस्टा सिंड्रोम. अमेरिकेत वापरतात त्या आवृत्तीत ऑक्टोबर २०२२ मध्ये एक नवा कोड आला, जी ९०.ए. हा पॉट्स नावाच्या आजाराचा. कोविड झाल्यानंतर अनेकांना जडलेल्या त्रासांपैकी एक.

एफपासून जीपर्यंत. अक्षरं शेजारशेजारची, पण मधे दीडशे वर्षं गेली.

आधी थोडं शरीरशास्त्र, कंटाळू नका. तुम्ही बसलेले असाल तर उठून उभे राहा. झालं? या दोन सेकंदांत तुमचं साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली, पोटाकडे आणि पायांकडे उतरलं. तरी तुम्ही पडला नाहीत. कारण मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब मोजणारे सेन्सर असतात. त्यांनी मेंदूच्या तळाशी निरोप पाठवला, तिथून हुकूम सुटला, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या, हृदयाचे ठोके दहा-वीसने वाढले आणि मेंदूला रक्त मिळत राहिलं. हे सगळं तुम्हाला न विचारता झालं. ही स्वायत्त मज्जासंस्था. शाळेच्या पुस्तकात 'चेतासंस्था' म्हणायचे, आठवतंय? घाम, पचन, बुबुळाचं लहानमोठं होणं, लघवी, ठोके, सगळं हिच्याकडे. माझ्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस. नीट चालू असते तोवर तिचं अस्तित्वही कुणाला ठाऊक नसतं.

'स्वायत्त' या अर्थाचं इंग्रजी नाव तिला केंब्रिजच्या जॉन लँग्ली या शरीरशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दिलं. तिच्या दोन शाखा, अनुकंपी आणि परानुकंपी. ही मराठी नावं मला फार आवडतात. एक अवयव दुखावला की दुसराही कळवळतो, त्यांच्यात एक प्रकारची सहानुभूती असते, अशी ग्रीक वैद्य गॅलेनच्या काळापासूनची कल्पना. इंग्रजी नावात ती राहिली आणि आपल्याकडे कुणीतरी तिची नेमकी 'अनुकंपा' केली. हा इतिहास पुढे ऐकाल तेव्हा कळेल की आजारात अनुकंपा होती, वैद्यकात मात्र ती पुष्कळदा नव्हती.

आता १८६० च्या दशकात जाऊ. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन नावाचं लष्करी इस्पितळ. तिथे जेकब मेंडेस दा कोस्टा नावाचा तिशीतला डॉक्टर. जन्म कॅरिबियन बेटांवरचा, शिक्षण फिलाडेल्फियाच्याच जेफरसन मेडिकल कॉलेजात. त्याच्यापुढे विचित्र सैनिक येऊ लागले. तरणीबांड पोरं, अंगावर गोळीची जखम नाही, पण थोडं चाललं की छातीत धडधड, छातीत दुखणं, धाप, चक्कर, घाम, झोप नाही, पोट बिघडलेलं. छातीला कान लावावा तर हृदयात झडपेचा वगैरे कसलाही दोष ऐकू येत नाही.

तेव्हा रक्तदाब मोजायचं सोयीचं यंत्र नव्हतं, ईसीजी नव्हता. दा कोस्टाकडे होतं काय, तर घड्याळ, स्वतःची बोटं आणि लिहून ठेवायची सवय. त्याने तीनशेहून अधिक सैनिक तपासले आणि जानेवारी १८७१ मध्ये त्यावर लेख छापला. या अवस्थेला त्याने 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचं नाव दिलं. या लेखातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, पडून असताना आणि उभं असताना नाडीत खूप फरक पडतो हे त्याने टिपलं. दुसरी, २०० सैनिकांमध्ये हा त्रास कशानंतर सुरू झाला याची फोड करून त्याने आकडे दिले. जवळपास निम्म्या लोकांना आधी ताप किंवा जुलाबाचा आजार होऊन गेला होता. बाकीच्यांत अति कूच, जखमा वगैरे.

म्हणजे संसर्ग, मग बरं होणं, मग उभं राहिलं की धडधड. हा क्रम १८७१ मध्येच कागदावर आला होता.

इथे एक सावधगिरी. दा कोस्टाचे सैनिक म्हणजे आजचे पॉट्सचे रुग्ण, असं थेट म्हणता येणार नाही. त्याच्या तीनशेंमध्ये थायरॉइडवाले असतील, संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेले असतील, लढाईच्या धक्क्यातले असतील. मागे जाऊन निदान करणं हा इतिहासात हातखंडा खेळ असला तरी तो सांभाळून खेळावा. पण त्या गर्दीत काही चेहरे ओळखीचे वाटतात एवढं नक्की.

त्याच टर्नर्स लेनमध्ये त्याच काळात सायलास वेअर मिचेल हा डॉक्टर मज्जातंतूंच्या जखमांवर काम करत होता. पुढे तो 'विश्रांती उपचारा'साठी प्रसिद्ध झाला. थकलेल्या, 'नाजूक मज्जातंतूंच्या' बायकांना आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवायचं, वाचायचं नाही, लिहायचं नाही, भरपूर खायचं. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेला हा उपचार दिला गेला आणि त्या अनुभवातून तिने १८९२ मध्ये 'द यलो वॉलपेपर' ही कथा छापली. आज आपल्याला माहीत आहे की नुसतं पडून राहिल्याने उभं राहायची क्षमता आणखी घटते. अंतराळवीरांनाही परतल्यावर हाच त्रास होतो. एकाच इस्पितळातून दोन वाटा निघाल्या. एकाने पुरुषांची नाडी मोजली, दुसऱ्याने बायकांना पलंग दिला. मला ही जोडी विसरता येत नाही.

मधल्या काळात ब्रिटिश लष्कराने दोष दिला तो कपड्यांना. पाठीवरच्या ओझ्याचे पट्टे, छातीला आवळणारे गणवेश यांनी हृदय बिघडतं, असं तिथल्या लष्करी डॉक्टरांनी १८६० ते ७० च्या सुमारास मांडलं होतं. कल्पना अगदीच वेडगळ नव्हती, पण पट्टे बदलून आजार गेला नाही.

मग पहिलं महायुद्ध. हजारो सैनिक 'सैनिकी हृदय' म्हणून मागे पाठवले जाऊ लागले. लष्कराला माणसं हवी होती, त्यामुळे प्रश्न तातडीचा झाला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात खास हृदयाचं लष्करी इस्पितळ उघडलं, नंतर ते कोल्चेस्टरला हलवलं. तिथे थॉमस लुईस. ईसीजी दवाखान्यापर्यंत आणणाऱ्यांमधलं हे मोठं नाव. त्याने १९१८ च्या पुस्तकात याला 'श्रम-सिंड्रोम' म्हटलं. म्हणणं असं की 'हृदयरोग' हा शब्द सैनिकाच्या कानावर पडला की तो आणखी घाबरतो, म्हणून तो शब्दच नको. लुईसनेही नोंदवलं की यातल्या कित्येकांचा त्रास संसर्गजन्य आजारानंतर सुरू झाला. उपचार काय, तर चढत्या क्रमाची कवायत. कवायत झेपली तर परत फौजेत. न झेपली तर घरी. उपचार आणि गाळणी एकच. त्याच वर्षी अमेरिकन डॉक्टरांनी आणखी एक लांबलचक नाव काढलं, न्यूरोसर्क्युलेटरी अस्थेनिया. मराठीत काय म्हणणार? नसा-रक्ताभिसरणाची गळाठी, असं काहीतरी.

१९४० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मॅकलीन आणि ॲलन यांनी एक शांत, नेमका पेपर लिहिला: उभं राहिल्यावर दाब घसरणारे आणि ठोके वाढणारे रुग्ण, आणि पलंग डोक्याकडून उंच करून त्यांना मिळालेला आराम. आजच्या समजुतीच्या हा फार जवळ होता. पण पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, लंडनच्या पॉल वूडने आपल्या व्याख्यानांत सांगितलं की दा कोस्टा सिंड्रोम हा हृदयाचा नव्हे, भीतीचा आजार आहे, न्यूरोसिस आहे. वूड काही ऐरागैरा नव्हता, पुढे तो ब्रिटनमधला सर्वांत नावाजलेला हृदयतज्ज्ञ झाला. त्याचा शब्द चालला. आणि जे नाव १८७१ मध्ये नाडी मोजून सुरू झालं होतं, ते १९९० च्या यादीत एफ ४५.३ मध्ये जाऊन बसलं.

माझं मत सांगतो. वूडचं निरीक्षण खोटं नव्हतं. घाबरलेल्या माणसाचे आणि या रुग्णांचे ठोके, घाम, थरथर सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे तीच अनुकंपी शाखा जागी झालेली असते. चूक आहे ती दिशेत. दोन कारणांनी एकच अलार्म वाजतो, म्हणून कारण एकच, असं होत नाही. प्रॉडक्शनला एरर आली आणि लॉग न बघताच "युझरने काहीतरी चुकीचं दाबलं असेल" म्हणणारा सिनियर प्रत्येक टीममध्ये एक असतो. तसंच हे.

हा विषय मी का घेतला ते सांगतो. माझी मोठी बहीण नाशिकजवळ माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक होती. शिक्षणसेवकाची तीन वर्षं म्हणजे तुटपुंज्या मानधनावर काढायची, आणि ती नीट पार पडली तर नोकरी पक्की. तिला एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, दुसऱ्या लाटेत. ऑक्सिजन लागला नाही. दहा दिवसांत ताप गेला. पुढचे महिने शाळा ऑनलाइन, ती खुर्चीत बसून शिकवायची, सगळं ठीक दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये वर्ग उघडले आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यापुढे तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. प्रार्थनेला उभी राहिली की छातीत धडधड, हातपाय गार, पुढचं सुचेनासं व्हायचं. जिना चढला की तासभर पडून. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन बारा. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. दुसऱ्यांनी विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" शाळेत कुजबुज सुरू झाली की मॅडमना उभं राहून शिकवायचा कंटाळा आलाय. सगळ्यांत वाईट म्हणजे तिलाच ते खरं वाटायला लागलं. "अरे, माझ्या डोक्यातच काहीतरी झालंय," असं ती मला म्हणाली होती, अगदी शांतपणे.

त्या वर्षी घरोघरी ऑक्सिमीटर होता. आपण सगळे वरचा आकडा बघायचो, ९७, ९८, हुश्श. खालचा आकडा नाडीचा असतो, त्याकडे कोण बघतं? मी तेव्हा घरून काम करत होतो आणि आकडे दिसले की शीट उघडायची ही आमची जात. तिला दहा मिनिटं आडवं पडायला सांगितलं: ७६. मग भिंतीला हलकं टेकून उभं. दोन मिनिटांनी ११२. पाच मिनिटांनी १२१. दहाव्या मिनिटाला १२४, आणि तिला बसावं लागलं. वेगवेगळ्या सकाळी चार दिवस केलं, तोच प्रकार. तो कागद घेऊन आम्ही तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, स्वतः बीपीसकट पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "ताई, हे टेन्शन नाही. याला नाव आहे." ती रडली. घरी कुणाला आजाराचं नाव कळल्यावर आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

नाव पॉट्स. पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, म्हणजे स्थिती बदलून उभं राहिल्यावर ठोके वाढण्याचा लक्षणसमूह. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके ३० किंवा जास्त वाढतात, १२ ते १९ वयात ४०, बीपी मात्र फारसं पडत नाही, आणि त्रास किमान तीन महिने असतो. रक्त कमी असणं, थायरॉइड, एखादं औषध, अशी दुसरी कारणं आधी तपासावी लागतात. ही व्याख्या उभी राहिली १९९३ साली, मेयो क्लिनिकमध्ये शॉनडॉर्फ आणि लो यांनी १६ रुग्णांवर लिहिलेल्या पेपरपासून. त्यातही काही जणांचा त्रास व्हायरल आजारानंतर सुरू झाला होता. पुन्हा तोच क्रम, बघा.

त्याला हातभार लागला तो एका साध्या टेबलाचा. माणसाला पट्ट्यांनी बांधून टेबल ६०-७० अंशांत उभं करायचं आणि ठोके, बीपी बघत राहायचं. टिल्ट टेबल. १९८६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अकारण बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी ते वापरून दाखवलं आणि मग ते पसरलं. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न आता आलेखावर आला.

तरीही विश्वास बसायला वेळ लागला. २०१९ मध्ये पॉट्सच्या सुमारे ४,८०० रुग्णांचं सर्वेक्षण छापून आलं. त्यात ९४ टक्के बायका होत्या. सुरुवात कशाने झाली याचं सर्वांत मोठं उत्तर संसर्ग, ४१ टक्के. बहुसंख्य बायकांचा आजार आणि बाहेरून काही दिसत नाही, मग "मनाचं आहे" हे उत्तर किती पटकन तोंडावर येत असेल, तुम्हीच विचार करा. वैद्यकाने नाव ठेवण्याऐवजी नावंच जास्त ठेवली. गंमत नाही, २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधक गटाने या रुग्णांचं हृदय आकाराने लहान असतं म्हणून आजाराला मुलांच्या पुस्तकातल्या एका खडूस पात्राचं, ग्रिंचचं नाव सुचवलं होतं. त्यांचं काम चांगलं होतं. आडव्या सायकलवर, पोहण्याने किंवा वल्हवण्याने हळूहळू सुरू केलेला व्यायाम काहींना उपयोगी पडतो हे त्यांनी दाखवलं. पण नाव सुचवताना समोर रुग्ण बसलाय हे विसरले.

आणि मग २०२०. 'लाँग कोविड' हा शब्द डॉक्टरांनी काढला नाही. एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ, स्वतः रुग्ण, त्यांनी मे २०२० मध्ये ट्विटरवर हॅशटॅग म्हणून तो वापरला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी कोविडनंतर पॉट्स झालेल्या एका २६ वर्षांच्या आपत्कालीन विभागातल्या नर्सची केस छापली. २०२१ मध्ये अमेरिकन ऑटोनॉमिक सोसायटीने कोविडनंतरच्या पॉट्सवर निवेदन काढलं. त्याचे पहिले लेखक होते कॅनडातले डॉक्टर सतीश राज. २०२२ च्या शेवटी लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या संस्थेचा मोठा अभ्यास आला. लस घेतलेले जवळपास २ लाख ८५ हजार लोक आणि कोविड झालेले साडेबारा हजार. लशीनंतरही पॉट्ससारख्या निदानांत थोडी वाढ दिसली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कोविडनंतर नव्याने पॉट्सचं निदान होण्याची शक्यता लशीनंतरच्या तुलनेत पाचपट होती. व्हॉट्सॲपवर यातलं फक्त पहिलं वाक्य फिरतं.

विषाणू नेमकं काय बिघडवतो? काहींत रक्ताचं एकूण प्रमाण कमी सापडतं, काहींत त्वचेजवळचे बारीक मज्जातंतू झिजलेले, काहींत शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच यंत्रणेवर उलटल्याच्या खुणा. एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे बिघाड असावेत असं दिसतं.

उपचारही त्यामुळे जोडजोड करून. जास्त पाणी, डॉक्टरांनी सांगितलं तर जास्त मीठ, पोटापर्यंतचे घट्ट मोजे, झेपेल तसा आडवा व्यायाम, गरज पडली तर ठोके कमी करणारी औषधं. मिठाचं मात्र मनाने करू नका, घरात बीपीवाले असतात आणि पॉट्स नसतानाही लोक सुरू करतात. व्यायामाचंही तेच. कोविडनंतर काहींना श्रमांच्या दुसऱ्या दिवशी सगळा आजार उलटून येतो, त्यांना लुईसची चढती कवायत लावली तर नुकसान होतं. इव्हाब्रॅडिन नावाच्या औषधाची २०२१ मध्ये सॅन डिएगोत २२ रुग्णांवर चाचणी झाली, ठोके कमी झाले आणि रुग्णांना बरंही वाटलं. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या रिकव्हर प्रकल्पाने २०२४ मध्ये लाँग कोविडच्या रुग्णांवर याच औषधाची मोठी चाचणी सुरू केली.

मग कोडचं महत्त्व काय? कोड नसेल तर मोजणी नाही. पॉट्सचे रुग्ण आधी वेगवेगळ्या डब्यांत विखुरलेले असायचे, कुणी 'टॅकिकार्डिया', कुणी 'चक्कर', कुणी 'चिंता'. डेटाबेसमध्ये ज्याला स्वतःचा कॉलम नाही त्यावर क्वेरी कशी मारणार? जी ९०.ए आल्यावर अमेरिकेत निदान ते शक्य झालं.

ताईचं विचाराल तर तिच्या मुख्याध्यापकांनी डॉक्टरांचं पत्र वाचून वर्गात उंच स्टूल ठेवायला परवानगी दिली. फळ्याचा वरचा अर्धा भाग आता मुलं लिहितात. तिची तीन वर्षं पूर्ण झाली, नोकरी पक्की झाली. बरी आहे, पूर्ण नाही. उन्हाळ्यात त्रास वाढतो, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडतात. मे महिन्यातली लग्नं ती टाळते, आणि नातेवाईक त्यावर बोलतात ते बोलतातच.

तुमच्या घरात कुणाला असा त्रास असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी आडवं असतानाची आणि उभं राहिल्यावर २, ५, १० मिनिटांची नाडी लिहून न्या. जवळ कुणीतरी थांबा, चक्कर आली तर लगेच बसवा. छातीत जोरात दुखत असेल किंवा माणूस खरंच बेशुद्ध पडत असेल तर शीटबिट बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

पुढच्या भागात याच मज्जासंस्थेची आणखी एक गोष्ट आहे. १९२१ साल, ओटो लोवी नावाचा शास्त्रज्ञ, दोन बेडकांची हृदयं आणि मध्यरात्री पडलेलं एक स्वप्न. भेटूच.